कावीळ, पण लागणीची नाही
शेवंतीचा कडसर वास आला की सासरच्या, केंदूरच्या शेवंतीच्या मळ्यातली पत्र्याची खोली आठवते. लग्नानंतर वर्षभरात मला कावीळ झाली आणि लागण होईल म्हणून सासूबाईंनी मला तिथं एकटीला ठेवलं. जेवण उंबऱ्यावर ठेवून सगळे मागं फिरत. शेवटी सासरे मला शिरूरला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "रोगाशी लढणाऱ्या पेशीच हिच्या यकृतावर उठल्यात. एरवी दुसऱ्या पेशी त्यांना आवरतात, हिच्यात त्या कमी पडल्या." सासऱ्यांनी विचारलं, "म्हंजी हिच्यापास्नं कुणाला भ्या न्हाई?" "अजिबात नाही." त्याच संध्याकाळी माझं अंथरूण घरात आलं, पण जाऊबाईंनी तान्हं बाळ काही माझ्या मांडीवर दिलं नाही. आता गोळ्यांनी यकृत शांत आहे. जाऊबाईंचा तो मुलगा शाळेत जातो आणि मला काकू म्हणताना अजून चार हात लांब उभा राहतो.