पेढ्याचा फाटका कान

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलीपाशी नाही, किकवीला माहेरी जाते तेव्हा आईपाशीही नाही. तुम्ही माझे कोण लागता? कुणीच नाही — म्हणूनच कदाचित जीभ रेटतेय.

आमचं घर पालीत, राजगडाच्या वाटेला लागून. गडावर जाणाऱ्यांना मी चहा-पोहे करून देते, उतरून आले की पिठलं-भाकरी. अंगणात आमचा कुत्रा असतो, पेढ्या. रंग पेढ्याचा, म्हणून माझ्या मुलीनं, सोनालीनं, ठेवलेलं नाव. त्याची एक खोड आहे. दुसरं कुत्रं अंगणात आलं की कुठलाही कुत्रा गुरगुरेल, शेपूट हलवेल, निदान हुंगेल तरी. पेढ्या मटकन खाली बसतो आणि भिंतीकडे तोंड करतो. आलेलं कुत्रं त्याला हुंगतं, पंजानं डिवचतं, शेवटी कंटाळून जातं. हा हलत नाही. पुण्याची पोरं मोबाईलवर त्याचे व्हिडिओ काढतात, लाजतोय म्हणतात. मग कुणाचं तरी लक्ष त्याच्या फाटक्या कानाकडे जातं आणि मला विचारतात, हे कसं झालं?

मी सांगते. लहानपणी धनगराच्या कुत्र्यानं फाडलं त्याला, तेव्हापासून कुत्र्यांचा धसका घेतलाय. किती जणांना सांगितलं असेल! ऐकणारी माणसं हळहळतात, त्याला बिस्किटं घालतात. ताई, तुम्ही किती जपता हो याला, असं मलाही म्हणतात.

जपते — ते खोटं नाही. पण बाकीचं?

तो धनगर म्हणजे आमचे धाकूमामा. नात्यातले नाहीत, पण सगळी पाली त्यांना मामाच म्हणते. वर डोंगरात त्यांचा वाडा आहे, चार घरांचा. रोज सकाळी दुधाची किटली घेऊन ते खाली यायचे, आणि त्यांच्यामागे काळ्या यायचा. काळ्या म्हणजे वासराएवढा कुत्रा. त्याच्या जिवावर मामा शेरडं रानात सोडून निवांत बसायचे. पेढ्याला आम्ही आणलं तेव्हा तो ओंजळीत मावायचा. काळ्या आला रे आला की हा त्याच्या पायात घुसायचा, त्याच्या कानाला लोंबायचा. एवढं मोठं धूड, पण त्याच्यासाठी आडवं व्हायचं, उताणं पडायचं, लटकं गुरगुरायचं. हे सगळं मी रोज बघत होते. मला ठाऊक होतं की तो खेळ आहे. हे नीट ऐका, कारण पुढचं मी न कळून केलं असं मला म्हणता येणार नाही.

त्या रविवारी अंगण माणसांनी भरलं होतं. नवरा टेम्पो घेऊन भोरला गेलेला, घरामागच्या चुलीपाशी मी एकटी. मामा दूध ओतून कुणाकडे तरी पुढे गेले होते. मागे राहिलेल्या काळ्याच्या आणि पेढ्याच्या मस्तीत कांदा-पोह्यांचं पातेलं कलंडलं. सगळे पोहे मातीत. माझं डोकं फिरलं. चुलीजवळचं लाकूड उचललं आणि भिरकावलं. कुणावर? काळ्यावर, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. खरं तर बघितलंच नाही. लाकडाला खिळा होता. पेढ्या असा ओरडला, की आतून सोनाली धावत आली. तिनं त्याला उचललं, तिचा फ्रॉक रक्तानं भरला. रडत रडत तिनं विचारलं, "कुणी केलं गं आई?"

तिच्या डोळ्यांकडे बघून मी म्हणाले, "काळ्यानं."

एवढंच. एक शब्द.

मामा परत आले तेव्हा पोरांनी काळ्याला दगड मारून बांधापर्यंत पिटाळलं होतं. मामांनी त्याला जवळ घेतलं, त्याचा जबडा उघडून बघितला. मग म्हणाले, "माजं कुत्रं आसं करायचं न्हाई." आणि माझ्याकडे बघून, "पर तू डोळ्यानं बगितलंस, म्हंजी केलंच आसंल."

आज पिल्लू धरलं, उद्या पोर धरील, असं तेच म्हणाले. मी मातीतले पोहे गोळा करत राहिले. काळ्याला त्यांनी वेल्ह्याच्या पलीकडे एका पाव्हण्याकडे धाडलं. नेला आमच्याच टेम्पोतून. तिथून तो दावं तोडून पळाला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. मामा ओढ्याओढ्यानं हाका मारत हिंडले. त्या पावसाळ्यात वाड्यावरची शेरडं बिबट्यानं नेली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मामा दूध घालत राहिले, मी घेत राहिले.

पेढ्या मोठा झाला. त्याची खोड बघून मला वाटायचं — हसू नका — की खरंच त्याला कुत्र्यांची भीती बसली असावी. इतकी वर्षं एकच गोष्ट सांगत राहिलं की आपल्यालाही ती खरी वाटायला लागते, नाही का?

मग गेल्या सुगीत मी वरच्या अंगानं गवताचा भारा घेऊन येत होते. भात कापलेल्या खाचरात गावातली कुत्री धिंगाणा घालत होती आणि त्यांच्यात पेढ्या होता. पळत होता, लोळत होता, दुसऱ्याच्या अंगावर उड्या घेत होता. तो फाटका कान वाऱ्यावर हलत होता. मी बांधावर थांबून हसलेसुद्धा. तेवढ्यात त्यानं मला पाहिलं. मटकन बसला. तोंड फिरवलं. बाकीची कुत्री त्याला ओढतायत, आणि तो मान जराशी वळवून बघतोय — कुत्र्यांकडे नाही, माझ्या हाताकडे. हातात विळा होता.

त्याला कुत्र्यांची भीती कधीच नव्हती. सोबत्याशी खेळताना मी दिसले की त्याला मार आठवत होता. अंगणात मी कायम असते, म्हणून तिथं तो कायम भिंतीकडे बघतो.

मामा आता थकलेत, सून दूध आणते. मध्यंतरी दवाखान्यात जाताना ते अंगणात टेकले. नवीन कुत्रा पाळलाय, पण साखळीलाच असतो, म्हणाले. मी विचारलं, का?

"मानसात सोडाया धीर व्हत न्हाई," ते म्हणाले. "काळ्याला एवढा वळखून हुतो, तरी चुकलोच की."

तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. मी म्हणाले, "मामा, चहात साखर घालू का?"

मामा चुकले नव्हते. काळ्यानं दात लावला नव्हता. धाकूमामांचा वाडा माझ्या अंगणातून दिसतो, वाटही चांगली आहे. मी अजून गेलेले नाही.