काळ्या वायरचा अर्थ

१७ नोव्हेंबर, रविवार. काम होतं गाडीतल्या नव्या ॲम्प्लिफायरची कुईं बंद करण्याचं. खरं काम नवऱ्याचे कान तपासून घेण्याचं होतं, पण ते पावसाळ्यापासून होत नव्हतं.

अमरावतीबाहेर, तिवशाच्या रस्त्याला आमची रोपवाटिका आहे. मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं घेऊन नवरा अकोल्याला, तेल्हाऱ्याला जातो, स्वतःच गाडी चालवत. पावसाळ्यात एकदा मी सोबत होते. मूर्तिजापूरच्या अलीकडे मागच्या ट्रकने हॉर्न दाबून धरला. कडेच्या शेतातले बैल वळून पाहू लागले, आमचा माणूस मात्र रस्त्याच्या मधोमध निवांत. मी ओरडले तेव्हा कुठे गाडी बाजूला घेतली.

"कान दाखवा आता," मी म्हटलं.

"कानाले काय झालं? या गाडीचे स्पीकरच बेकार हायत. काही आयकूच येत नाई."

ट्रकचा हॉर्न स्पीकरमधून येत नसतो, हे मी सांगितलं. उपयोग शून्य. अशा कानांनी हा माणूस रोज हमरस्त्यावर जातो, ही धास्ती मला एकटीलाच होती.

दिवाळीनंतर गाडी अकोल्याहून परत आली ती डिकीत स्पीकरचा एक काळा खोका घेऊनच. जिथे रोपांचे ट्रे राहायचे तिथे आता खोका, त्याला चिकटून ॲम्प्लिफायर. कान तपासायचे सोडून त्याने गाडीलाच मोठा आवाज बसवून घेतला होता. वर मला म्हणतो, "आता पाह्य, कसं साफ आयकू येते."

साफ कसलं! गाडी सुरू केली की बारीक कुईं सुरू. गाणं बंद असलं तरी सुरूच. ॲक्सिलरेटर दाबला की तीही चढायची. अकोल्यापर्यंत ही कुईं ऐकत गेलं तर माणूस बडनेऱ्यालाच उतरून जाईल.

"कायचा आवाज? तुले भलतंच आयकू येते," नवरा म्हणाला. त्या आठवड्यात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मीच एकदा आरशात कान पाहिले.

रविवारी मी डिकी उघडली. मला गाड्यांचं फारसं कळत नाही, पण रोपवाटिकेची मोटर, तिचा स्टार्टर, सगळं मीच बघते. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात मिठाचं पाणी ओतायचं कामही माझंच. म्हणून आधी ॲम्प्लिफायरची काळी, म्हणजे अर्थची वायर पाहिली. जाड, चांगली होती. पण ती ज्या बोल्टखाली दाबली होती त्याच्याभोवती गाडीचा रंग जसाच्या तसा, चकचकीत. रंगावर वायर ठेवून वीज परत कुठून जाणार?

खोका बसवणाऱ्या अकोल्याच्या फिटरला फोन लावला. मोबाईलचा स्पीकर सुरू केला.

"ताई, मोबाईल खोक्यापाशी धरा. दादाले म्हना, रेस देऊन पाहा."

नवरा पुढे बसला होता, चेहरा असा, जणू मी त्याच्याच अंगात दोष काढला होता. गाणं बंद होतं. मी ओरडून सांगितलं तेव्हा त्याने ॲक्सिलरेटर दाबला.

"हे काय, येते न ताई," फिटर तिकडून हसला. "डासावानी करून राह्यली. याले अर्थच बरोबर नाई लागला."

"मलेबी लागून नाई राह्यला," मी म्हटलं. "रंग न खरडता बोल्ट कसला काहून? आन बॅटरीपाशी फ्यूज कुठं हाय?"

"ॲम्पले असते न आतमधी."

"आतमधी ॲम्पपुरता. बॅटरीपासून मागपर्यंत लाल वायर मोकळीच आली. मधात पत्र्यावर घासली तं?"

"आतापर्यंत कोनाचीच नाई जळली, ताई."

यावर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवला आणि पुढे पाहिलं, तर सीट रिकामी. गाडी सुरूच ठेवून नवरा उतरून माझ्या मागे उभा होता.

"काहून हसला तो? काय येते म्हने?"

"कुईं येते म्हने. त्याले अकोल्यात, फोनवर आयकू आली."

तो खोक्याकडे वाकला, कान जवळजवळ टेकवला आणि तसाच थांबला. मग सरळ होऊन म्हणाला, "पान्हा कोनता देऊ?"

गाडी बंद करून बोल्ट काढला. पॉलिश पेपरने रंग घासला, खालचा पत्रा चांदीसारखा निघेपर्यंत. पुसून काळ्या वायरचं टोक त्यावर घट्ट कसलं. नवरा पुढे जाऊन बसला, गाडी सुरू केली, न सांगता ॲक्सिलरेटर दाबला. मागे फक्त इंजिनचा आवाज. कुईं गेली होती.

त्याने खिडकीतून डोकं काढलं.

"गेली का?"

आठवडाभर मला खोटं पाडणारा माणूस मलाच विचारत होता. मी "गेली" म्हटलं आणि बोनेट उघडायला लावलं. फ्यूज बसेपर्यंत लाल वायर बॅटरीवर ठेवायची माझी तयारी नव्हती. ती काढली, टोकाला टेप गुंडाळली. गाणी बंद.

सोमवारी सकाळी मी खोका काढून पडवीत ठेवला, त्याच्या जागी ट्रे भरले आणि गाडीची किल्ली खुंटीवरून आधीच उचलली. तो बाहेर आला तेव्हा मी स्टिअरिंगवर होते. "तुले रोपं कुठं द्याची माईत हाय का?" एवढंच म्हणाला आणि शेजारी बसला. रोपांआधी मी गाडी कानाच्या डॉक्टरांकडे घेतली. नंबर लावला. दाराशी बसलेल्या दवाखान्यातल्या मुलीने त्याचं नाव पुकारलं, मग जरा मोठ्याने पुकारलं. तो भिंतीवरचं घड्याळ पाहत बसला होता. मी त्याला कोपर मारलं आणि आत घेऊन गेले.