सासऱ्यांचा घोडेस्वार

माझ्या जर्मन सासऱ्यांना नवीकोरी वस्तू आवडतच नाही. मोटारींच्या कारखान्यात आयुष्यभर केसाएवढी फट मोजत बसलेला हा माणूस निवृत्त झाला आणि झिजून गुळगुळीत झालेल्या रोमन नाण्यांच्या नादी लागला. तीही खुद्द रोममधली नव्हेत, साम्राज्याच्या लांबच्या प्रांतांतल्या गावांनी पाडलेली. एका बाजूला सम्राटाचं असावं असं डोकं, दुसऱ्या बाजूला देव, बैल किंवा नुसताच उंचवटा. रविवारी ते जर्मनीत, र्युसेल्सहाइमच्या आमच्या घरी केकबरोबर एखादं नाणं आणतात आणि विचारतात, "काय दिसतं?" एकदा मी "बटाटा" म्हणाले. तेव्हापासून माझा केकचा तुकडा लहान असतो.

त्यातलं एक नाणं मात्र वेगळं होतं. ते सासूबाईंनी हयात असताना जुन्या बाजारातून हौसेनं आणलेलं. त्यावर हिरवा थर चढला होता आणि कुणीतरी कशावर तरी बसलंय, एवढंच कळायचं. सासरे म्हणत, घोडेस्वार. सासूबाई म्हणत, बाई आहे. त्या गेल्या तरी वाद मिटला नव्हता, सासरे तो एकट्यानं चालवत होते. "डोळे मिटायच्या आत मला हे कळायला हवं," असं ते म्हणत, आणि ते मुळीच गमतीनं म्हणत नसत.

दिवाळीच्या आधी त्यांनी ते माझ्याकडे दिलं. माझ्या कॅमेऱ्यानं, बाजूनं उजेड टाकून फोटो काढून बघायचं ठरलं होतं. जाताना बजावलं, "घासायचं नाही. वरचा थर गेला की नाणं गेलं."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं मी म्हटलं, नाणं वाटीत ठेवलं आणि कामाच्या रगाड्यात साफ विसरले.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ऑफिसातून आले, तर पुण्याहून आलेल्या माझ्या आईनं पाट मांडून ठेवला होता. तबकात घरातली सगळी नाणी, माझ्या लग्नातलं चांदीचं, आणि मधोमध एक लालबुंद, झगझगीत.

"आई! हे कुठलं?"

"वाटीतलं. काय गं अवकळा आली होती त्याला! चिंच-मीठ लावून खसाखसा घासलं. लक्ष्मीला असं हिरवंगार ठेवतात का?"

आईवर चिडावं तर ती पूजेचं करत होती. नवऱ्यावर चिडले, कारण तो जवळ होता. तेवढ्यात बेल वाजली. जेवायला सासरेच आले होते.

आईनं हसून "या व्याही" म्हणत त्यांना पाटाजवळ बसवलं आणि सगळ्या नाण्यांवर हळद-कुंकू वाहिलं. तिच्या हाताला कंजूषपणा माहीत नाही. सासऱ्यांची नजर तबकावरून फिरली आणि मधोमध थांबली. चेहरा पडला. त्यांनी नाणं उचललं आणि वरचं कुंकू अंगठ्यानं हळूच पुसलं.

उंचवट्यांवरचं कुंकू गेलं, खोलगट जागांतलं तसंच राहिलं. नाण्याच्या तांब्यावर गडद लाल रेघांनी आकृती उमटली. त्यांनी खिशातून भिंग काढलं. मीही वाकून पाहिलं. घोड्याला अशी झुबकेदार आयाळ नसते, तो सिंह होता. आणि वरची आकृती दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून ऐटीत बसली होती. अंगावर पायघोळ वस्त्र. घोडेस्वार असा बसत नाही.

"अय्या, देवी!" आई म्हणाली आणि नमस्कार करून मोकळी झाली.

सासऱ्यांनी भिंग खाली ठेवलं. डोळे पुसताना कपाळभर कुंकू लागलं, ते त्यांना कळलंही नाही. मग ते जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणतायत गं? रागावले का?" आईनं घाबरून विचारलं.

"नाही गं. म्हणतायत, माझ्या बायकोचंच बरोबर होतं."

"मग," निरांजन लावत आई म्हणाली, "हे कळायला नाणं घासावं लागलं?"