नऊ नंबरचा शर्ट

माझे व्याही इंग्रज आहेत. सुनेचे वडील. तरुणपणी तिकडच्या एका क्लबात फुटबॉल खेळायचे, पुढच्या फळीत, गोल मारायला. आता नव्वदी ओलांडली. अमेरिकेत, पार्सिपनीला माझ्या मुलाच्या घरात दुपारी आम्ही दोघंच असतो. मला त्यांच्याशी बोलायची लाज वाटते आणि इंग्रजीही तोडकंमोडकं. पण दहा वर्षं रोज तीच हकीकत ऐकली की कळायला लागते.

त्यांचा गुडघा सुजला होता. क्लबच्या डॉक्टरने सुई टोचून तो बधिर केला आणि मैदानात उतरवलं. त्यांनी दोन गोल मारले. मग तो पाय कधी सरळ झाला नाही. भेटायला कोणी आलं नाही. पत्र मात्र आलं, की शर्ट क्लबचा आहे, परत करा. त्यांनी दिला नाही. पुढे अमेरिकेत शाळेतल्या मुलांना खेळ शिकवत आयुष्य काढलं. दोन वर्षांपूर्वी, सगळं आठवत होतं तेव्हा, शर्ट माझ्याकडे दिला. "विहीणबाई," म्हणाले, हा एक शब्द त्यांनी शिकून घेतलाय, "त्यांच्या हाती पडू देऊ नका."

गेल्या महिन्यात क्लबचा फोन आला. म्युझियम काढलंय, शर्ट काचेत लावायचाय, माणूस पाठवतो. व्याही हसून म्हणाले, "हो हो, द्या की." सून म्हणाली, "आई, देऊन टाकू या ना. डॅडला छान वाटेल."

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना कात्री घेतली. शर्टाचे तुकडे जुन्या लुगड्यांत मिसळून गोधडी शिवली. नऊचा आकडा मधोमध लावला. दर टाक्याला तो न पाहिलेला डॉक्टर डोळ्यांसमोर आणला.

माणूस आला तेव्हा गोधडी व्याह्यांच्या गुडघ्यावर होती. आकडा ओळखून तो पांढराफटक पडला. मग मुलाला म्हणाला, गोधडीच नेऊ का?

"आई, काय केलंस हे! याला काय सांगू?"

"सांग, गुडघा अजून दुखतो. जीव गेला तरी देणार नाही."

मुलाने गुळमुळीत काहीतरी सांगितलं. ते कळलं मला. मीच उठले. "क्लब डॉक्टर. बॅड नी. नो शर्ट."

माणूस गेला. सून पाय आपटत वर गेली.

"कोण होता?" व्याह्यांनी विचारलं.

"क्लबचा. शर्ट मागत होता."

"दिलात?"

"नाही."

त्यांनी दाराकडे पाहिलं. "चहा तरी?"

"तोही नाही."

तेव्हा हसले.