किल्ली कशाला पायजे?

आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरींना आरोग्याचं शिक्षण दोनदा मिळायचं. पहिलं जिन्याखाली, कॉलेज सुरू झालं त्याच दिवशी, वरच्या वर्गातल्या पोरींकडून. दुसरं पुढं कधीतरी हॉलमध्ये, पाहुण्या डॉक्टरीणबाईंकडून, हार-नारळासकट. डॉक्टरीणबाई सांगायच्या, भरपूर पाणी प्या. जिन्याखाली सांगितलं जायचं, पाणी पिऊ नका.

जिन्याखालचं शिक्षण पक्कं असायचं. डबा खाल्ला की चूळ भरायची आणि थुंकायची, गिळायची नाही. घसा फारच सुकला तर ओठ ओले करायचे. आवळासुपारी जवळ ठेवायची. बाकी सगळं घरी गेल्यावर.

पोरींसाठी संडास नव्हता असं कुणी म्हणू नये. होता. इमारतीच्या मागं, पाटी रंगवलेला, कुलूप घातलेला. किल्ली ऑफिसात हेडक्लार्कच्या डोक्यावरच्या खिळ्याला टांगलेली. मागायला गेलं की ते मान वर न करता खणखणीत आवाजात विचारायचे, "कशाला पायजे?" त्याच खिडकीपुढं एसटीच्या पासवर शिक्का मारून घ्यायला पोरांची रांग लागलेली. त्या रांगेसमोर काय उत्तर द्यायचं? म्हणून कुणी मागायलाच जायचं नाही. आणि कुणी मागत नाही, म्हणजे कुणाला गरज नाही, असा ऑफिसचा हिशोब. कुलूप कशासाठी, तर उघडं ठेवलं की घाण होते. पोरांसाठी मागची सगळी भिंत मोकळी होती. तिला कुलूप घालायचं कुणाला सुचलं नाही.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला, एका विद्यार्थी संघटनेत. मला लिहायला शिकवलं ते पत्रकांनी. मागणी पहिल्या ओळीत, शिव्या शेवटच्या परिच्छेदात. आज आठवून लिहितानाही हात तिकडंच वळतो, त्याला इलाज नाही.

त्या वर्षी मुरगूडची एक पोरगी पहिल्या वर्षाला आली. घरच्या म्हशींचं दूध डेअरीला घालून सकाळची गाडी धरायची. आईचं माहेर निपाणीकडचं, म्हणून थोरल्या पोरींना अक्का म्हणायची, मलाही. हुशार होती आणि हसरी होती. जिन्याखालचा धडा तिनं इतका मनावर घेतला की घरातनं निघतानासुद्धा पाणी प्यायची नाही. गाडीत लागली तर काय करायचं, म्हणायची. सकाळी अंधारात निघून दिवेलागणीला घरी.

दिवाळीनंतर एकदा प्रॅक्टिकलला ती टेबलावर डोकं टेकून बसली ती उठेचना. अंगात भट्टी आणि दातावर दात आपटतायत. आम्ही रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेली. लघवीत जंतू झालेत, मूत्रपिंडाला सूज आलीय, असं डॉक्टर म्हणाले आणि भरपूर पाणी प्यायला सांगून पुढच्या खाटेकडं गेले. तापातसुद्धा ती हसली.

"अक्का, हेबी पाणीच प्या म्हणत्यात."

घरात मात्र कुणी हसलं नाही. चुलत्यानं विचारलं, पोरीच्या जातीला असला आजार होतोच कसा? एक स्थळ आधीच दारात होतं. किडनीची पोरगी म्हणून बोभाटा व्हायच्या आत उजवून टाका, असं त्याचं म्हणणं. बापानं मधला मार्ग काढला. परीक्षेपर्यंत जाऊ दे, पण पुन्हा आजारी पडली तर कॉलेज बंद. म्हणजे या पोरीचं सगळं शिक्षण आता एका कुलपाला टांगलं होतं. तिला काही अभ्यासबिभ्यास अडवत नव्हता, अडवत होती ती लघवी.

मी पत्रक लिहिलं. मथळा, 'संडासाचं कुलूप काढा'. संघटनेच्या बैठकीत आमचे क्रांतिकारक लाजले. एक म्हणाला, मथळ्यात 'मूलभूत सुविधा' लिही. दुसरा म्हणाला, प्रश्न सुटा दिसतोय, शिक्षणाच्या खाजगीकरणाच्या धोरणाशी जोडून घे. मी म्हटलं, धोरणाला लघवी लागत नाही. पत्रकं वाटायला त्यांच्यातलं कुणी आलं नाही. आम्ही पोरींनीच गेटवर वाटली. पोरांनी त्यांची विमानं करून वऱ्हांड्यातनं उडवली. हेडक्लार्कनी एक पत्रक चहाच्या ग्लासाखाली ठेवलं.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. चांगल्या घरची दिसतेस, असलं लिहायला लाज वाटत नाही का, असं विचारलं.

"लिहायला नाही वाटत, सर. मागायला वाटते. म्हणून लिहिलं."

त्यांनी हातानंच मला दार दाखवलं. पण कॉलेज हललं, हे कबूल केलं पाहिजे. काय केलं? पोरी आजारी का पडतात, तर पाणी पीत नाहीत म्हणून. आमच्या पत्रकातलं एवढंच अर्धं वाक्य वर पोचलं. एका विश्वस्तांनी आईच्या स्मरणार्थ थंड पाण्याचा कूलर दिला. शिरोली एमआयडीसीत त्यांची फाउंड्री होती. कूलरपेक्षा त्यावरची संगमरवरी पाटी मोठी. उद्घाटनाला मांडव, पाहुण्यांना फेटे, नारळ आणि पुन्हा त्याच डॉक्टरीणबाई, 'पाण्याचे महत्त्व' या विषयावर. मी मागच्या खुर्चीत बसून जळत होते. माणसं वाईट असती तर परवडलं असतं. ही सगळी खूश होती.

आभार मानायला त्यांनी मुरगूडच्या पोरीला उभं केलं. आजारातनं उठलेली विद्यार्थिनी, शोभून दिसेल म्हणून. भाषण एका सरांनी लिहून दिलेलं. तिनं अध्यक्ष, विश्वस्त, प्राचार्य, मांडववाला, सगळ्यांचे आभार लिहिलेल्या क्रमानं वाचले. मग कागदाची घडी घातली आणि माईकला तोंड लावून घरच्या बोलीत म्हणाली,

"पाणी दिलंसा, लई उपकार झाले. आता जायचं कुठं, तेवढं सांगा की."

मग मागनं पोरांच्या शिट्ट्या सुरू झाल्या. विश्वस्त प्राचार्यांकडं वळून विचारू लागले, काय म्हणतीय ती? प्राचार्य हसत राहिले. विश्वस्त कारखान्यात फिरणारे गृहस्थ, ऐकून गप्प बसायची सवय नाही. फेट्यासकट उठले, पोरींचा संडास कुठाय विचारलं आणि थेट इमारतीच्या मागं गेले. हेडक्लार्क किल्ली घेऊन पळत आले. या वेळी कशाला पायजे असं त्यांनी विचारलं नाही. दार उघडलं तर आत गॅदरिंगचे पडदे, मोडक्या खुर्च्या आणि सगळ्यात पुढं, संडासाच्या भांड्यावर आडवे टाकलेले, स्वच्छता सप्ताहाचे फलक.

त्याच आठवड्यात सगळं रिकामं झालं. कुलूप निघालं. मी विजयाचं पत्रक लिहायला घेतलं. आणि मुरगूडची पोरगी यायची बंद झाली.

हॉलमधलं बोलणं तिच्या आधी गावात पोचलं होतं. पोरगी माईकवर मुतायचं बोलली, असं चुलत्यानं चावडीपुढं सांगितलं आणि बापानं तिचा पास काढून घेतला. जो बोलायचा अधिकार कॉलेजनं आम्हाला कधी दिला नाही, तो तिनं घेतला, तर शिक्षा तिलाच. विजयाच्या पत्रकाचा बोळा करून मी टाकून दिला.

रविवारी एका मैत्रिणीला घेऊन मी मुरगूडला गेले. बापानं गोठ्याच्या कडेला घोंगडं टाकून बसवलं, चहा सांगितला. मी सुरू झाले. मुलींचं शिक्षण, हक्क, बदलता काळ. ते मधून मधून व्हय व्हय म्हणत होते आणि म्हशीकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "पावणं, तुमचं सगळं खरं हाय. पर गावात तोंड मला दाखवायचं हाय." पोरगी आत कुठं तरी होती, तिला बाहेर येऊ दिलं नव्हतं.

तिची आई इतका वेळ चुलीपाशी होती. ती उंबऱ्यापर्यंत आली.

"दार उघडं झालं म्हनं. आतनं कडी हाय का?"

कडी नव्हती. एक आत जायची, दोघी बाहेरून दार धरायच्या आणि टवाळ पोरं कट्ट्यावर बसून बघायची. मी न लपवता सांगितलं.

"मग त्येला दार कशाला म्हनायचं? कडी लावा. मग मी येती बघाय."

बाप तिच्याकडं नुसतं बघत राहिला. नको म्हणाला नाही. त्या घरात तेवढं पुरेसं असावं.

कॉलेजात अर्ज दिला. खरेदी समितीची बैठक लागेल, मग मंजुरी, मग दरपत्रकं, असं उत्तर आलं. एका कडीसाठी. कूलरला समिती लागली नव्हती, कारण कूलरवर पाटी लागते. आम्ही वर्गणी काढून लक्ष्मीपुरीतल्या दुकानातनं कडी आणली, खिळा ठोकून भोकं पाडली आणि स्क्रू पिळले. माझ्या तळहाताला फोड आला. कडी जरा तिरकी बसली.

आई खरंच आली. लेकीला घेऊन, मुरगूड गाडीनं, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. कुणाशी न बोलता आत गेली आणि कडी लावली. आतनं म्हणाली, "वडा." आम्ही ओढलं. "जोरात वडा की, जेवला न्हाईसा काय?" आम्ही तिघींनी लोंबकळून ओढलं. दार हललं नाही. बाहेर येऊन तिनं लेकीला म्हटलं, "जा, बस वर्गात." पोरगी पळाली.

तेवढ्यात हेडक्लार्क आले. त्यांनी कडी बघितली, आम्हाला बघितलं आणि त्याच खणखणीत आवाजात विचारलं, ही कुणाच्या परवानगीनं बसवली? माझ्याकडं पत्रकभर उत्तर तयार होतं.

"माझ्या," आई पदर सावरत म्हणाली. "मुरगूडची माघारी गाडी कवा हाय?"

त्यांनी घड्याळ बघून वेळ सांगितली.