मागचे पाटे

आमचे दाजी गाडी डोळ्यांनी बघत नसत, बुडाने बघत. ट्रक असो, टेम्पो असो, ऊसतोडीच्या मुकादमाची जीप असो, खाली वाकून बघायचं सोडून ते सरळ मागच्या बाजूला चढून बसत, डोळे मिटत आणि ड्रायव्हरला म्हणत, "हाण." गाडी चार खड्डे खाऊन परत आली की लेंगा झटकत उतरत आणि डाव्या अंगाचा तिसरा पाटा तडकलाय म्हणून सांगत. खोलून बघावं तर तिसराच. मग तंबाखू मळता मळता ठरलेलं वाक्य यायचं, "माणसाचं तोंड खोटं बोलंल राव, बूड न्हाई बोलणार."

पाटे म्हणजे गाडीखालची पोलादी कमान. लांब-आखूड पट्ट्या एकाखाली एक बांधलेल्या असतात. खड्ड्याचा धक्का त्या खातात म्हणून माणसाला खावा लागत नाही. नारायणगावच्या हमरस्त्याला आमची पाट्यांची भट्टी होती. ती आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी घातलेली. मी चालायच्या आधी घण मारायला शिकलो असं आई सांगायची, आणि आई कधी खोटं बोलत नसे. ते खातं घरात माझ्याकडे होतं.

आण्णा कौतुकाच्या बाबतीत फार हात आखडून असत. काम चांगलं झालं तर "बरं" आणि फारच चांगलं झालं तर "हं". "जमलं" हा शब्द त्यांनी स्वतःच्या बापाच्या तोंडून उभ्या जन्मात एकदा ऐकला होता, आणि तो पुढे कुणाला द्यावा याचा विचार करत करत ते म्हातारे झाले. तो मला मिळावा एवढीच माझी इच्छा होती. लोक देवाकडे मुलगा मागतात, मी "जमलं" मागत होतो.

दाजी पहिल्यांदा आमच्याकडे आले ते लोणीहून, आमच्या आक्काला बघायला. पोहे पुढे यायच्या आत हा गडी उठला आणि बाहेर उभ्या असलेल्या ट्रकमध्ये जाऊन बसला. त्या ट्रकचे पाटे मी त्याच सकाळी बसवले होते. परत येऊन आण्णांना म्हणाला, "मामा, उजवा पाटा जरा हट्टी वाटतुया. पाणी लई झालंय त्याला." म्हणजे तापलेलं पोलाद विझवताना मी ते नको तेवढं कडक केलं होतं. आण्णा बाहेर गेले, पाट्यावरून हात फिरवून आले, आणि आईला म्हणाले, मुलीला बोलाव. माझ्याच पाट्याची खोड काढून दाजी माझीच बहीण घेऊन गेले. शिवाय बहिणीचा नवरा. त्यांना शिवी द्यायची तर मनात, आणि तीही आदरार्थी.

लग्नानंतर दाजी आमच्याच भट्टीवर काम शिकले आणि मग त्यांनी बेल्ह्यात स्वतःची भट्टी घातली. तिथला जनावरांचा बाजार मोठा. थोड्याच दिवसांत टेम्पोवाले सांगू लागले, की दाजींच्या पाट्यांवरून आलेले बैल रवंथ करत उतरतात. आणि माझ्या पाट्यांवरून आलेले? ते म्हणे उतरल्या उतरल्या पहिली लाथ ड्रायव्हरला घालतात. मी स्वतः बाजारात उभा राहून पाहिलं. माझ्या टेम्पोतला एक खिलार उतरला, त्याने माझ्याकडे रोखून बघितलं, मग दाजींच्या टेम्पोकडे बघितलं आणि हंबरला. जनावराला कोण शिकवणार? पण त्या दिवसापासून माझं बैलांशीही पटेनासं झालं.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा जुन्नरचे कांतिलाल शेठ आमच्या भट्टीवर एक मोटार ओढत घेऊन आले. शेठचं धान्याचं दुकान. मोटार त्यांच्या वडिलांची, विलायती, गोदामात कांद्याच्या पोत्यांमागे उभी असलेली. उंदरांच्या इतक्या पिढ्या तिच्यात नांदल्या होत्या की थोरल्या उंदराला ती वडिलोपार्जित वाटत असणार. इंजिन पुण्याच्या मिस्त्रीने चालू करून दिलं होतं, काळा रंगही झाला होता, पण पाटे पापडासारखे चुरले होते. नवे मिळणार कुठून? ते करणारा कारखाना माझ्या जन्माआधीच बंद पडलेला. घडवायचेच होते.

हौस शेठची नव्हती, त्यांच्या आईची होती. त्यांना सगळे बाईजी म्हणत. त्या याच मोटारीतून नवरी होऊन जुन्नरला आल्या होत्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना धक्का सोसत नसे. एकदा जीपमध्ये बसवलं तर वेस ओलांडायच्या आत रडून परत आल्या, त्या खोलीतून बाहेर पडल्याच नाहीत. धाकटी बहीण बेल्ह्यात दिलेली, तीही अंथरुणाला खिळलेली. दोघींनी किती वर्षांत एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. बाईजींचं एकच म्हणणं होतं, "जाईन तर त्यांच्या मोटारीतून. तिच्यात मला कधी धक्का लागला नाही."

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. तोवर त्यांची नजर गेली होती आणि हात थकले होते, पण भट्टीवर हुकूम त्यांचाच. ते म्हणाले, "पुढचे पाटे बबन्या करंल. मागचे जावईबापू." बबन्या म्हणजे मी. बाईजी बसणार मागे. म्हणजे नवरी त्यांच्याकडे आणि घोडा माझ्याकडे.

मीही इरेला पेटलो. जुन्या पाट्यांचे तुकडे जमिनीवर जुळवून खडूने कमान आखली, ट्रकचं उत्तम पोलाद निवडलं, तापलेल्या पाट्यावर बाभळीची काडी घासून पाणी जोखलं. असे पाटे उतरले की टिचकी मारली तर लेण्याद्रीच्या घंटेसारखा सूर निघे; शिवनेरीवर चढणारी माणसं थबकून कानोसा घेत, असं मला चौघांनी सांगितलं. त्यातला एक मी होतो. आण्णांनी हात फिरवला आणि म्हणाले, "हं."

दाजींनी काय केलं? भट्टी पेटवलीच नाही. जुन्नरला जाऊन बाईजींच्या खोलीत गप्पा मारत बसले. चार दिवस चहा प्याले आणि मग शेठला म्हणाले, बाईजींना दुकानच्या काट्यावर बसवा. शेठ गांगरले, पण बाईजी हसत सुटल्या. त्यांना खुर्चीसकट काट्यावर ठेवलं, समोर गुळाच्या ढेपा रचल्या, खुर्चीचं वजन वजा केलं आणि तुला झाली म्हणून तो गूळ पेठेत वाटला. मलाही खडा मिळाला. गूळ गोड असतो हा सार्वत्रिक गैरसमज आहे.

मग दाजींनी तेवढ्याच वजनाचं ज्वारीचं पोतं भरलं, मोटारीच्या मागच्या सीटवर ठेवलं आणि त्याला बाईजी म्हणू लागले. पाटे घडवायचे, बसवायचे आणि पोत्याला घेऊन पारगावच्या रस्त्याला निघायचं. साखर कारखाना चालू, उसाच्या गाड्यांनी रस्त्याची चाळण केलेली. "चला बाईजी, पारगावला जाऊन येऊ," असं म्हणत दाजी निघत, पण पोत्याशेजारी बसत नसत, पुढून मान वळवून त्याच्याकडे बघत. परत आले की पाटे उतरवून पुन्हा भट्टीत. एक पट्टी काढ, दुसरी पातळ कर. मी विचारलं, दाजी, आता काय राहिलं? म्हणाले, "पोतं अजून उडतंय पावणं. त्याचं बूड खोटं बोलंल व्हय?" शेवटी एका फेरीत पोत्यावर आमची कोंबडी जाऊन बसली. पारगावहून परत आले तर कोंबडी अंड्यावर होती. हे मी पाहिलेलं आहे. अंडं आख्खं होतं.

गाडी जुन्नरला गेली त्या दिवशी शेठच्या दारात ही गर्दी. शेठने नारळ फोडला, पेढे वाटले, आणि मग जे आपल्याकडे होतं तेच झालं. नवी गाडी दारात आली की पहिली फेरी सगळ्यांना मारायची असते. शेठचे मेव्हणे मागे घुसले, त्यांच्या मांडीवर दोन पोरं, शेजारी दोन चुलत्या, पायात पेढ्यांची टोपली. मेव्हणे एकटेच दीड पोतं भरतील. मागून 'धप्प' असा आवाज आला आणि मोटार चाकांवर बसली, ती हलेचना. मला काय सांगू! अख्ख्या जुन्नरचे पेढे एकदम तोंडात घातल्यासारखं झालं. मी मोठ्यांदा, म्हणजे आण्णांना ऐकू जाईल असं म्हणालो, "अरेरे, मागचे पाटे गेले वाटतं."

दाजी तंबाखू मळत पुढे झाले. "उतरा समदे. ह्या गाडीला एकच माणूस ठाऊक हाय."

मेव्हणे चिडले. म्हणाले, एकट्या माणसाची मोटार कधी ऐकली आहे का, सायकल केली असती. तेवढ्यात दारातल्या खुर्चीवरून बाईजींचा आवाज आला, "उतर रे. माझ्या मापाची आहे ती." सगळे उतरले, आणि मोटार मागून वर आली. हळूच, जेवून उठणाऱ्या पाव्हण्यासारखी. मी डोळे चोळले, तरी वर आलेली.

बाईजींना मागे बसवलं. शेठ चालवायला, आणि पुढे त्यांच्या शेजारी आण्णा. आण्णा पुढे! माझ्या पाट्यांवर! मी मनातल्या मनात लेण्याद्रीच्या गणपतीला नारळ बोललो. मोटार नारायणगावाकडून आळेफाट्याला आणि तिथून बेल्ह्याला जायची होती. तिच्यामागून दाजींच्या फटफटीवर आम्ही दोघं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मागून जाणाऱ्याला फक्त मागचे पाटे दिसतात. खड्डा आला की ते अंग चोरत, पुन्हा सैल होत, आणि काचेतून बाईजींचा पांढरा पदर जागचा हलत नसे. मी म्हणालो, दाजी, जरा पुढं काढा, पुढचंही बघू. दाजी म्हणाले, "पुढं काय बघायचं? आण्णा हाईत की तिथं." साठ मैल वाटावा असा तो रस्ता मी दाजींच्या पाट्यांकडे बघत काढला. नवऱ्या मुलाच्या घोड्यालाही इतकं एकटं वाटत नसेल.

बेल्ह्यात मोटार थांबली. धाकट्या बहिणीला खाटेसकट ओसरीवर आणून ठेवलं होतं. बाईजी काठी टेकत स्वतःच्या पायांनी उतरल्या, खाटेवर टेकल्या आणि बहिणीच्या केसांवरून हात फिरवू लागल्या. आण्णा पुढच्या दाराने उतरले, एक हात मोटारीवर ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "जमलं."

मी धावलो. "आण्णा, कुणाचं?"

आण्णा म्हणाले, "च्या हाय का कुठं?"

त्यानंतर वर्षभरात आण्णा गेले. मी कितीदा विचारलं, पण ते पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. मग दर भाऊबीजेला मी बेल्ह्याला जायचो, आक्का ओवाळायची, आणि निरांजन विझायच्या आत आमचा वाद पेटायचा. मी म्हणायचो, म्हातारा पुढे बसला होता, शब्द पुढच्यांना. दाजी म्हणायचे, पुढची सीट गाडीच्या मधोमध येते, निम्मा आण्णा माझ्या पाट्यांवर होता. मी म्हणायचो, उतरताना हात पुढच्या चाकाकडे होता. दाजी म्हणायचे, तोंड मागं व्हतं. आक्का वैतागून एकदा म्हणाली, तुम्ही दोघं मोटारीखाली जाऊन भांडा, मला चकल्या तळायच्यात. आम्ही खरंच अंगणात गेलो आणि खडूने मोटार काढून भांडलो.

पुढे दाजींना पोटाच्या दुखण्याने धरलं. पुण्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. मी भेटायला गेलो तेव्हा दुपार होती. बैलासारखा हा माणूस, ज्वारीच्या रिकाम्या पोत्यासारखा गादीवर पडलेला. आक्का बाहेर गेली तसा मी जवळ सरकलो. माझा बेत साधा होता. जाणाऱ्या माणसाला तो "जमलं" शब्द देऊन टाकावा. दाजी मोठ्या मनाचे, ते नको नको म्हणतील आणि माझ्याच पदरात घालतील. त्यांच्या तोंडून एकदा ऐकलं की झालं.

मी त्यांचा हात धरला. "दाजी, मला मान्य आहे. आण्णा तुम्हालाच म्हणाले होते."

दाजींनी डोळे मिटले. गादीवर जरासे हलले, टेम्पोत मागे बसून अंदाज घेताना हलायचे तसे. मी वाट बघत होतो. मग मिशीच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"ते मला ठाऊकच व्हतं, पावणं."

आणि चार दिवसांनी तो शब्द घेऊन गेले. आता भांडायचं कुणाशी? भाऊबीजेला आक्का ओवाळते, मी तबकाकडे बघतो, ती चकल्या पुढे सरकवते. अंगणात खडू नेऊन एकट्याने भांडून पाहिलं. हरलो.

बाईजीही आता नाहीत, पण शेठ कधीमधी एकटेच ती मोटार काढतात. आमच्या भट्टीसमोर रस्त्यावर गतिरोधक केलाय. मोटार आली की मी हातातलं काम टाकून उभा राहतो. पुढचं चाक चढतं, उतरतं, मांजरासारखं. मी आजूबाजूच्या सगळ्यांना हाक मारून दाखवतो. मग मागचं चाक येतं. तेव्हा मी दुसरीकडे बघतो.