राजाचा तपकिरी कोट

महाराज गेले आणि मागे तीन मृत्युपत्रं सोडून गेले. एकात गादी थोरल्या मुलाला होती, दुसऱ्यात धाकट्याला, आणि तिसऱ्यात दोघांनाही नुसताच उपदेश होता. तिन्हींखाली सही महाराजांचीच. तिन्हींत शब्दन् शब्द सारखी अशी एकच ओळ होती: ‘माझा जुना तपकिरी कोट कुत्रेवाल्याला द्यावा.’ त्यावर कोणाचीच हरकत नव्हती. त्यामुळे राज्य अधांतरी लोंबकळत राहिलं, कोट मात्र त्याच संध्याकाळी घरपोच झाला.

कुत्रेवाला राजवाड्याच्या मागच्या अंगाला, कुत्र्यांच्या खोल्यांना लागूनच राहायचा. बेताच्या अंगाचा माणूस. कोट घातला तर तो घोट्यापर्यंत आला.

“शोभतोय हो,” बायको म्हणाली. “आत आणखी एक नवरा मावेल.”

त्याने कोट उतरवला आणि म्हातारीच्या कोपऱ्यात अंथरला. म्हातारी म्हणजे महाराजांची कुत्री. महाराज गेल्यापासून तिने अन्नाला तोंड लावलं नव्हतं, आणि हा सकाळ-संध्याकाळ वाटी घेऊन तिच्यापुढे बसलेला.

“माझ्या आजारपणात बसला होतात का असे?”

“तू मागून खातेस,” तो म्हणाला.

म्हातारीने कोटाच्या बाहीत नाक खुपसलं, लांब उसासा टाकला आणि पडल्यापडल्या थोडं दूध चाटलं. कुत्रेवाल्याच्या जिवात जीव आला. घास अजून घेत नव्हती, पण दूध तरी पोटात गेलं. कोट जरा झटकायला उचलला तरी वाटीकडे पाठ करायची.

आता राजवाड्यात एक जुनी पद्धत होती. नवा राजा दरबारात शिरताना गेलेल्या राजाचं कुत्रं त्याच्या पायाशी चालायचं. इतकी वर्षं ते शोभेपुरतं होतं. तीन मृत्युपत्रं निघाल्यावर त्याला पुराव्याची किंमत आली. म्हातारी ज्याच्यासोबत चालेल तोच खरा वारस, असं लोक उघड बोलू लागले. थोरल्याच्या माणसांनी खिशात मटणाचे तुकडे घालून पाहिले. म्हातारीने हुंगून तोंड फिरवलं. त्या दिवसांत राजवाड्यात लाच नाकारणारी ती एकटीच.

धाकट्याच्या कारभाऱ्याचं डोकं जास्त चाललं. “तो कोट दे. धाकटे सरकार घालतील. वासावर येईल ती.”

“कोट तिच्या अंगाखाली आहे, साहेब. काढला तर ती खायची नाही.”

“दरबार होईपर्यंत टिकली की झालं.”

कुत्रेवाल्याने वाकून कोटाची बाही म्हातारीच्या नाकाशी सारखी केली. ते कारभाऱ्याला नकारासारखं वाटलं, आणि ते बरोबरच होतं. “उद्या दुपारपर्यंत कोट आला नाही तर खोली रिकामी करायची,” असं बजावून तो गेला.

“देऊन टाका मेला तो कोट,” बायको म्हणाली. “या वयात कुठे जायचं आपण?” मग तिची नजर कोपऱ्यात गेली. म्हातारी बाहीत तोंड घालून झोपली होती. बायको उठली आणि मुकाट्याने भांडी बोचक्यात बांधू लागली. “दोरी द्या. आणि कढई मी घेणार, तुम्ही आपटाल.”

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटे सरकार स्वतःच आले. धाकटा गेला म्हटल्यावर थोरलेही मागोमाग हजर. धाकट्याने वाकून कोटाला हात घातला. कुत्रेवाला पुढे सरकला. पण म्हातारी गुरगुरली नाही. कष्टाने उठली आणि सरकून अर्धा कोट मोकळा करून दिला. महाराज रोज संध्याकाळी तिथे जमिनीवर बसायचे, त्यांना ती अशीच जागा द्यायची.

धाकटे उभेच राहिले. मग बसले. रेशमी कपड्यांनिशी, कुत्र्याच्या कोपऱ्यात.

“उजव्या खिशात बघ,” थोरले दारातून म्हणाले. “डाव्यात चष्मा असायचा.”

उजव्या खिशात अर्धं बिस्कीट निघालं. दगडासारखं. धाकट्याने ते तळहातावर धरलं. म्हातारीने हुंगलं आणि कुडुमकुडुम करून खाल्लं. कुत्रेवाल्याने डोळे पुसले. विचारलं असतं तर केस गेला म्हणाला असता.

थोरलेही येऊन टेकले. “तुला वाटायचं का रे, हिच्यावर त्यांचा जास्त जीव आहे?”

“वाटायचं काय, दादा, होताच. आपल्यासाठी कधी खिशात बिस्कीट ठेवलं त्यांनी?”

दोघं हसले. मग बराच वेळ दोघंही म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

यानंतर भाऊ-भाऊ एक झाले असं सांगायला मलाही आवडलं असतं. ते कपड्यांवरचे केस झटकत बाहेर गेले आणि संध्याकाळी वकील पुन्हा कामाला लागले. मात्र दोन्ही पक्षांनी मिळून एक अर्ज दिला, त्या भांडणातला एकमताचा असा एकच: म्हातारीला मिरवणुकीतून वगळावं, आणि कोट आहे तिथेच राहावा.

बायकोने बोचकं सोडलं. पुढे एकदा दरबाराकडून तुतारी वाजली. म्हातारीने एक कान उचलला आणि परत बाहीत नाक घातलं.

“कोण झालं हो राजा?”

“विचारतो नंतर,” कुत्रेवाला बिस्कीट दुधात बुडवत म्हणाला. “आत्ता खातेय ती.”